दहावीच्या बॅचची स्मरणिका आणि महालातला छापखाना

छपाईला दहापैकी नऊ, बांधणीला सहा, डीटीपीला (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावण्याला) दोन. नागपूरच्या महाल भागातल्या या छापखान्याबद्दल एवढं लक्षात ठेवून गेलात तरी निम्मा मनस्ताप वाचेल. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर, भिवापूर अशा गावांमधल्या दहावीच्या बॅचेस पंचवीस-तीस वर्षांनी एकत्र येतात, गेट-टुगेदर ठरतं आणि त्याबरोबर स्मरणिकाही ठरते. गावातला छापखाना लग्नपत्रिका आणि बिलबुकं उत्तम करतो, पण फोटोंचं पुस्तक म्हटलं की काम नागपूरला येतं. दुकानाचं नाव इथे देत नाही. यातले बरेचसे गुणदोष नागपुरातल्या कुठल्याही मध्यम छापखान्यात थोड्याफार फरकाने सापडतील, आणि उपाय सगळीकडे तेच आहेत.

समोर याच छापखान्यातून निघालेल्या तीन स्मरणिका आहेत. तिन्ही शंभरेक पानी, तिन्हींच्या प्रती २००. एक चांगली, एक बरी आणि एक अशी की मुखपृष्ठ बघून हात पुढे जातो आणि आतलं पहिलं नाव वाचून मागे येतो.

आधी आकार. काउंटरवर विचारतात, ‘ए-फोर करू ना भाऊ?’ आणि आपण हो म्हणतो. हाती येतं ते साडेआठ बाय अकरा इंचांचं पुस्तक. यात फसवणूक नाही. बाजारात सहज मिळणारा कागद २३ बाय ३६ इंचांचा, त्याचे आठ तुकडे केले की एक तुकडा ९ बाय साडेअकरा, आणि तीन बाजूंनी छाटला की साडेआठ बाय अकरा. खरा ए-फोर त्यातून निघतच नाही, कारण त्याची उंची ११.७ इंच. अडचण एवढीच की गावातल्या कुणीतरी हौसेने ए-फोरवर पानं लावून ठेवलेली असतात आणि छापखाना ती सरळ दाबून बसवतो. चेहरे रुंद होतात. पानाची मांडणी पहिल्या दिवसापासून साडेआठ बाय अकरावरच करा. चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (छाटणीत जाणारी जादा जागा) ठेवा आणि शिवणीच्या बाजूला निदान १८ मिमी समास सोडा.

पानांची संख्या आठच्या पटीत हवी. इथलं मशीन २३ बाय ३६ चा अर्धा ताव घेतं, म्हणजे एका फर्म्यात (छापून घडी घातलेल्या अशा एका तुकड्यात) दोन्ही बाजू मिळून आठ पानं. ९६ पानांचे बारा फर्मे. ९८ पानं झाली तर दोन पानांसाठी तेराव्या फर्म्याचा खर्च पडतो आणि उरलेल्या सहा पानांवर ‘आठवणी लिहा’ असं छापून रेघा मारतात. एका प्रतीत त्या रेघा आहेत. कुणी काही लिहिलेलं दिसत नाही.

पैसे कुठे जातात ते प्लेटच्या (ज्यावरून छापतात त्या पत्र्याच्या) हिशेबात कळतं. २०० प्रतींच्या कामात कागदापेक्षा प्लेट आणि मशीन लावण्याची मजुरी जास्त बोलते. एका फर्म्याला काळ्या छपाईसाठी दोन्ही बाजूंच्या मिळून दोन प्लेट लागतात, चार रंगांसाठी आठ. सगळं पुस्तक रंगीत केलं तर बारा फर्म्यांच्या ९६ आणि मुखपृष्ठाच्या चार, अशा १०० प्लेट. तेच सोळा पानं रंगीत आणि ऐंशी पानं काळी ठेवली तर १६, २० आणि मुखपृष्ठाच्या ४, म्हणजे ४० वर काम होतं. मात्र ती सोळा पानं सलग दोन फर्म्यांची हवीत. ४१ ते ५६ ही जागा बरोबर मध्यावर येते. ‘मधे मधे रंगीत टाका, छान दिसते’ असं समितीतलं कुणीतरी म्हणतंच. त्याला हा हिशेब दाखवा. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला रंगीत जाहिरात घेतली तर आणखी चार प्लेट धरा. खताच्या दुकानाची जाहिरात आत काळ्या छपाईत उत्तम जाते. मलपृष्ठ देणाऱ्याकडून जास्त पैसे घ्या.

छापखान्याची खरी ताकद छपाईतच आहे. रंगांची जुळणी तिन्ही प्रतींत चोख, कुठेही लाल कडा बाहेर डोकावत नाही, काळी पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या दाटीची. मशीनवर बसणारा माणूस कामाचा जाणकार आहे आणि उभं राहून तपासायला येणाऱ्याला हाकलत नाही. पहिले वीस-पंचवीस ताव निघाले की एक हातात देतो. खिडकीच्या उजेडात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको.

कागदाच्या बाबतीत तोंड उघडलं नाही तर ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद पडतो. मजकुराला तो पुरतो, पण मागच्या पानावरचा फोटो पुढच्या ओळींतून दिसतो. ९० चा मागा. रंगीत पानांना १३० चा आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० चं कार्ड. अशी एक प्रत सव्वातीनशे ग्रॅमच्या आत बसते. मॅपलिथोवर शाई पसरते, त्यामुळे काळे फोटो स्क्रीनवर दिसतात त्याहून गडद उतरतात. मधल्या करड्या छटा मुद्दाम थोड्या उजळ करून द्या. युनिफॉर्मचा गडद निळा आणि मागची भिंत एक झालेल्या फोटोत नुसतेच चेहरे तरंगताना दिसतात.

आता ग्रुप फोटो. स्मरणिका घरी गेल्यावर पहिल्यांदा उघडलं जातं ते हेच पान, आणि तिन्ही प्रतींमधला सगळ्यात मोठा फरकही इथेच आहे.

जुना दहावीचा फोटो बहुतेक दहा बाय बारा इंचांचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. पन्नास-पंचावन्न मुलं-मुली चार ओळींत, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मध्ये मुख्याध्यापक, त्यांच्या पायाशी खडूने लिहिलेली पाटी. असा एक चेहरा जेमतेम सेंटिमीटरभर असतो. कुणीतरी तो मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकतो, व्हॉट्सअ‍ॅप त्याची लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास आणतं, म्हणजे एका चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासेक पिक्सेल. तेवढ्यात डोळे कुठे आहेत एवढंच कळतं, कोण आहे ते नाही. मूळ फोटो मिळवून तो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की त्याच चेहऱ्याला सव्वादोनशेच्या वर पिक्सेल मिळतात. त्यामुळे ‘ग्रुपवर आहे ना फोटो’ हे उत्तर समितीने चालवून घेऊ नये. बॅचमध्ये मूळ फोटो जपून ठेवलेला एक तरी निघतोच, बहुधा आईच्या कपाटातून. मोबाइलमधले फोटो मागवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे लहान होत नाहीत.

स्कॅनिंग या छापखान्याकडे देऊ नका. त्यांचं स्कॅनर बिलं आणि आधारकार्डांसाठी आहे, काचेवर ओरखडे आहेत आणि दहा बाय बाराचा फोटो त्यावर दोन तुकड्यांत घ्यावा लागतो. बर्डीवर किंवा धरमपेठेत मोठं फ्लॅटबेड स्कॅनर असलेला फोटोवाला शोधा, मोठ्या काचेवर एकाच वेळी निघेल. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच स्कॅन करा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले बरेच फोटो दाणेदार, सिल्क कागदावर आहेत. स्कॅनमध्ये त्या दाण्यांची चाळण दिसते. अशा वेळी फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, असा दोनदा स्कॅन करून दोन्ही थर एकमेकांवर बसवले की चाळण बरीच उतरते. निकालाचं वर्तमानपत्री कात्रण असेल तर त्याच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा, मागच्या बाजूची अक्षरं वर येत नाहीत.

दुसऱ्या प्रतीत ग्रुप फोटो उलटा छापलाय. आरशातल्यासारखा. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाटी धूसर होती. उलटा फोटो ओळखायच्या खुणा सोप्या: शर्टाचा खिसा डाव्या छातीवर हवा, बाईंचा पदर डाव्या खांद्यावर, घड्याळ बहुतेकांच्या डाव्या मनगटावर. निगेटिव्हवरून काढलेल्या फोटोत ही चूक हमखास होते, आणि मग खाली ‘डावीकडून’ म्हणून दिलेली सगळी नावं एकमेकांच्या अंगावर जातात. अख्ख्या ओळीत खरं नाव फक्त मधल्याला मिळतं.

तिसऱ्या प्रतीत वेगळीच करामत. डीटीपीवाल्याने फोटो एआयच्या कुठल्यातरी अ‍ॅपमधून ‘साफ’ करून घेतला. आता मागच्या ओळीतल्या सहा मुलांचे दात एकसारखे आहेत आणि डावीकडून चौथ्याला तर आयुष्यात नव्हती अशी हनुवटी आली आहे. अ‍ॅपला पन्नास पिक्सेलमधून चेहरा सापडत नाही, मग तो मनाने एक बनवतो. ऑर्डर देताना लिहून द्या: डाग आणि ओरखडे काढा, चेहऱ्याला हात लावू नका.

फोटो दोन पानांवर पसरवायचा मोह होतो. चिकट बांधणीत (पानं पाठीला गोंदाने चिकटवलेली) तो करू नका, मधले चार जण शिवणीत जातात. जुजबंदी (फर्मे धाग्याने शिवलेली बांधणी) केलेली असेल तर ४४-४५ किंवा ५२-५३ या जोड्या घ्या. फर्म्याच्या मध्यावर आल्याने त्या एकाच तावाच्या आहेत, सपाट उघडतात आणि रेघ तुटत नाही. नाहीतर फोटो एका पानावर आडवा फिरवा आणि समोरच्या पानावर फोटोची बाह्यरेखा काढून प्रत्येक डोक्यावर आकडा द्या, खाली आकड्यापुढे नाव. ‘उभे, डावीकडून’ वगैरे ओळींपेक्षा हे कितीतरी बरं, कारण अर्धवट ओळीत उभा असलेला एकजण प्रत्येक फोटोत असतोच. चांगल्या प्रतीत असंच केलंय आणि दोन डोक्यांपुढे मोकळी जागा सोडून ‘ओळख पटल्यास कळवा’ लिहिलंय. प्रामाणिक काम.

आता डीटीपी. दोन गुण दिले तेही टायपिंगच्या वेगाला.

नागपूरचा ऑपरेटर अर्धा दिवस हिंदीत काम करतो आणि अर्धा मराठीत. त्यात त्याचा दोष नाही, बाजारच दोन भाषांचा आहे. पण त्याची बोटं हिंदीची आहेत. ‘ळ’ चा ‘ल’ होतो, ‘शाळा’ची ‘शाला’ होते, काळबांडे काल्बांडे होतात, ‘विद्यार्थिनी’ची वेलांटी पहिली की दुसरी हा तर प्रश्नच कुणाला पडत नाही. दुसरी भानगड फॉन्टची. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितो, छापखान्यात अजून श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टवर काम चालतं, आणि मध्ये कन्व्हर्टर बसतो. त्यात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’, ‘ॲडमिशन’च्या जागी चौकोन येतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. एका प्रतीत ‘ऱ्या’ची चूक मोजायला घेतली आणि तिसऱ्या लेखानंतर सोडून दिली.

उपाय एकच: मजकूर बाहेरून युनिकोडमध्येच लावून आणा. इनडिझाइनमध्ये करत असाल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड करा आणि छापखान्याला फक्त पीडीएफ द्या. ‘ओपन फाइल द्या, छोटं करेक्शन असलं तर आम्हीच करून टाकू’ असं म्हणतील. देऊ नका. त्या छोट्या करेक्शनमध्येच पान पुन्हा त्यांच्या फॉन्टमध्ये जातं. रंगीत पानांवरचा मजकूर निव्वळ काळ्यात ठेवा. चार रंगांच्या मिश्रणाचा काळा झाला तर केसाएवढ्या हलण्यानेही अक्षराला रंगीत सावली येते.

त्यांचा तयार साचाही घेऊ नका. ‘गोल्डन मेमरीज’ असं देवनागरीत लिहिलेली कमान, खडू-फळ्याची चित्रं आणि पहिल्या पानावर ‘पंधरा जून, पहिला पाऊस, नवी छत्री’ या थाटाचा मजकूर. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते हे काटोलच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साच्यात ‘दहावी’ हा शब्दही पक्का बसवलेला आहे. सध्या पन्नास वर्षं पूर्ण करणाऱ्या बॅचेस येतात, त्यांच्याबाबतीत जपून. महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ची, त्याआधीची मॅट्रिक अकरावीची होती. १९७३ च्या बॅचच्या मुखपृष्ठावर ‘दहावी’ छापलं तर म्हातारे पुस्तक परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

लेखांच्या बाबतीत छापखाना काही करू शकत नाही, पण एक सूचना संपादकाला. २००० साली पहिलीपासून इंग्रजी येण्याआधीच्या मराठी शाळेतल्या बहुतेक मुलांनी एबीसीडी पाचवीत गिरवली. त्यामुळे त्या काळातल्या बॅचकडून लेख मागवले की निम्मे इंग्रजीच्या पहिल्या तासाने सुरू होतात आणि उरलेले गणिताच्या सरांच्या छडीने. विषय वाटून द्या: चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती, एसटीचा पास, प्रयोगशाळेतलं कपाट, मधल्या सुट्टीतला बोरं-चिंचांचा गाडा, सायकल पंक्चर काढणारा. पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं एकत्र काढलेली मुलं असतात. वर्षवार विभाग केले तर आठवी सगळ्यात रिकामी निघते, तिच्यासाठी आधीच कुणाला तरी धरून ठेवा.

नावांची यादी हा स्मरणिकेचा कणा. ती शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून (शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीवरून) घ्या, आठवणीवरून नको. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, रजिस्टर शाळेबाहेर येणार नाही, लिपिकासमोर बसून उतरवावं लागेल. फक्त नाव आणि वर्ष उतरवा. हौसेने त्या पानाचा फोटो स्मरणिकेत छापायचं अनेकांच्या मनात येतं. त्या पानावर जातीचा रकाना असतो, जन्मतारीख असते. छापू नका. वाढदिवसांची यादीही नको: जुन्या रजिस्टरांत गुरुजींनी अंदाजाने लावलेल्या तारखा इतक्या आहेत की निम्मी बॅच १ जूनला किंवा १ जुलैला जन्मलेली दिसते, आणि पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल हे तीन एका ओळीत आले की ती ओळ भलत्याच माणसाच्या उपयोगाची. मोबाइल नंबर ज्याने लेखी होकार दिला त्याचाच.

मुलींची नावं माहेरच्या नावाने लावा आणि त्याच ओळीत सासरचं द्या. शेवटी सूची दोन्ही आडनावांनी. सासरच्या नावाने एकटीच लावलेली यादी पहिल्या प्रतीत आहे, तीत कुणालाच कुणी सापडत नाही. शिक्षकांच्या पानावर विषय आणि वर्षं द्या, आणि शिपाई व लिपिक यांची पूर्ण नावं शोधून काढा. शाळेच्या जुन्या मस्टरवर सापडतात. तीस वर्षं घंटा देणाऱ्या माणसाचं नाव नुसतं ‘काका’ म्हणून छापणं बरं दिसत नाही.

श्रद्धांजलीच्या पानावर डीटीपीवाला सगळ्यांपुढे डोळे मिटून ‘कै.’ लावतो. नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही बॅचमध्ये हे चालणार नाही. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ किंवा ‘स्मृतिशेष’ म्हणतात, मुस्लिम कुटुंबांत ‘मरहूम’. प्रत्येक घरी विचारा, नाहीतर सगळ्यांना सरळ ‘दिवंगत’ लावा. आणि माणूस खरंच गेलाय की नाही याची दोन वेगवेगळ्या माणसांकडून फोनवर खात्री करा. एकाच्या सांगण्यावर विसंबू नका. ही चूक छापून झाल्यावर सुधारता येत नाही, वर चिकटवलेली पट्टी तर आणखी लक्ष वेधते.

मुद्रितं (प्रुफं) इथे व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफने येतात आणि तुमच्या ‘ओके’ला अंतिम मंजुरी धरतात. ग्रुपमध्ये चाळीस जण. त्यातल्या एकाने अंगठा दाखवला की प्लेट निघाली. छापखान्याला पहिल्याच दिवशी एकच नंबर द्या आणि सांगा, मंजुरी याच्याकडूनच. दुरुस्त्या एका तक्त्यात: पान, ओळ, चुकीचं, बरोबर. फोनवरून दुरुस्ती सांगू नका. ‘बोंडे’ आणि ‘बोंद्रे’ फोनवर सारखेच ऐकू येतात. शेवटी छापील डमी मागा, साध्या प्रिंटरवर काढलेली चालेल, पण बारा फर्मे घडी घालून, पुस्तकासारखी. पानांचा क्रम, समोरासमोर येणारे फोटो आणि समासात गेलेल्या ओळी तिच्यातच कळतात. डमीचे पैसे वेगळे मागतात, ते द्या.

बांधणीला सहा गुण, कारण सहज म्हणून करतात ती चिकट बांधणी. ९६ पानांना सेंटर पिन तर नकोच. मधली पानं बाहेर सरकतात आणि छाटल्यावर त्यांचा समास कमी होतो. चिकट बांधणी पहिल्या दिवशी झोकात दिसते. पण तिचा गरम गोंद उन्हाने मऊ पडतो, आणि मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डिक्कीत ठेवलेली प्रत पाठीतून वाकते, मग मधली पानं सुटी होतात. बाहेरून करून आणलेली जुजबंदी मागा. ती हाताने होते, चार-पाच दिवस जास्त लागतात आणि दर चढतो. वर्षानुवर्षं हाताळायच्या पुस्तकाला तीच परवडते. मुखपृष्ठाचा कागद त्याच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर येईल असा लावायला सांगा आणि घडीवर क्रीझ (दाबून केलेली खाच) मारून घ्या, नाहीतर पाठीवरचं लॅमिनेशन तडकतं. एका बाजूने लॅमिनेट केलेलं कार्ड पावसाळ्यात गुंडाळतंच. ३०० जीएसएमला कमी, २५० ला जास्त.

वेळापत्रक त्यांचं ऐकू नका. ‘आठ दिवसांत देऊन टाकतो भाऊ, टेन्शन नका घेऊ’ हे वाक्य प्रत्येकाला मिळतं. कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी मजकूर बंद करा. मांडणीला दहा दिवस, मुद्रितांच्या दोन फेऱ्यांना आठ-दहा, प्लेट आणि छपाईला चार, शाई वाळायला एक पूर्ण दिवस, जुजबंदीला आठवडाभर. राहिलेले दिवस त्यांच्या ‘मशीन बंद आहे’साठी. डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशन, दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका यांच्या रांगेत दोनशे प्रतींचं काम सगळ्यात मागे जातं. दिवाळीच्या सुटीतलं गेट-टुगेदर असेल तर दसऱ्याआधी छापून मोकळे व्हा.

दर विचारताना कागदाचा जीएसएम, रंगीत पानं, लॅमिनेशन, बांधणीचा प्रकार, डमी आणि कर हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. तोंडी दरात बांधणी ‘बाहेरची’ म्हणून नंतर वेगळी निघते. निम्मे आगाऊ, उरलेले गठ्ठे मोजल्यावर. शंभराच्या आत प्रती हव्या असतील तर या दुकानात जाऊच नका. प्लेटचा खर्च थोड्या प्रतींवर बसतो. डिजिटल छपाईवाल्याकडे जा, तिथे प्लेट नाहीत, सगळी पानं रंगीत घेता येतात, फक्त घडीवर टोनर तडकतो म्हणून गडद रंगाचं मुखपृष्ठ टाळा.

माल उचलायला दोघं जा. सव्वातीनशे ग्रॅमच्या हिशेबाने दोनशे प्रती पासष्ट किलोच्या घरात जातात, पन्नासाचा एक गठ्ठा सोळा किलोचा, गणेशपेठ स्टँडवर एकट्याने चार गठ्ठे चढवता येत नाहीत. दुकानातच प्रत्येक प्रत चाळा. दोनशेत तीन-चार प्रतींमध्ये एखादा फर्मा दोनदा आलेला आणि एखादा गायब असतो. पान १, ९, १७, २५ असं आठ-आठच्या टप्प्याने उघडत गेलं की एका प्रतीला अर्धं मिनिटही लागत नाही. सदोष प्रती तिथल्या तिथे वेगळ्या करा, बदलून देतात, कुरकुर करत नाहीत. गठ्ठे सुतळीने करकचून बांधायची त्यांची सवय आहे, त्याने वरच्या-खालच्या प्रतीच्या कडेला खाच पडते. दोन्ही बाजूंना पुठ्ठा घालायला सांगा.